दाखला मुलाचा, कुलूप संस्थेचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात प्रवेशोत्सवाचे फोटो आले होते. बैलगाडीला झेंडूच्या माळा, पहिलीच्या पोरांच्या हातात गुलाबाचं फूल, कडेला हसणारे अधिकारी. फोटो चांगले होते, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. त्याच सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या ओसरीवर एक बाई दोन मुलांना घेऊन बसल्या होत्या. मुलांनी आंघोळ केली होती, भांग पाडला होता, दप्तरं पाठीवर होती. फक्त जायचं कुठल्या शाळेत ते ठरलं नव्हतं.

मी निवृत्त मुख्य लिपिक. शेजारच्या तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात ३३ वर्षं जनरल रजिस्टर लिहिलं. निवृत्तीनंतर कुर्डुवाडीला येऊन राहिलो आणि गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. त्यामुळे जूनमध्ये माझी ओसरी म्हणजे शाळेच्या ऑफिसची खिडकीच होते.

बाईंची स्टेशनजवळ चहा-नाष्ट्याची गाडी आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात पायाने अधू झाला. मुलगी सहावी पास, मुलगा आठवी पास, दोघंही एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. फी ४३,००० रुपये थकली. बाई म्हणाल्या, "काका, पैसे बुडवायचे नाहीत मला. महिन्याला हजार देते म्हटलं. ते म्हणतात, आधी सगळे भरा, मग दाखला न्या." मुलांना अनुदानित शाळेत घालायचं होतं. तिथले म्हणाले, दाखला आणा. या दोन वाक्यांमध्ये बाई एप्रिलपासून हेलपाटे घालत होत्या.

शाळा सोडल्याचा दाखला हा कागद किती मोठा आहे, हे कचेरीच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय कळत नाही. त्यावर जन्मतारीख असते, जन्मठिकाण असतं, जात असते. मुलगा मोठा झाला की जात पडताळणी समितीपुढे वडिलांचा आणि आजोबांचा दाखला लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. घरात दुसरा कागद कुठला असणार? आजोबा दोन यत्ता शिकलेले असले तर त्या दोन यत्तांवर नातवाचं मेडिकल अडतं किंवा सुटतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा जुन्या शाळांची मोडी लिपीतली रजिस्टरं कपाटाच्या तळातून वर आली. एरवी ज्यांवर आम्ही खडूचे खोके ठेवत होतो, त्यांना फडक्यात गुंडाळून ठेवायची वेळ आली. असा हा कागद फीसाठी गहाण ठेवता येतो का?

येत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम ५ मी बाईंना वाचून दाखवलं. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. 'तात्काळ' हा कायद्यातला शब्द आहे, माझा नाही. पुढे दोन परंतुकं आहेत, म्हणजे 'परंतु' म्हणून कलमाला जोडलेल्या अटी, आणि खरी ताकद त्यांच्यात आहे. एक, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. दोन, जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे बाईंना अडवणारी पहिली शाळा जितकी चुकत होती, तितकीच 'दाखला आणा' म्हणणारी दुसरीही.

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. हे कलम ज्या परिपत्रकासोबत आमच्या शाळेत आलं ते मी स्वतः आवक केलं, फाईलला लावलं, आणि तरीही दाखले अडवले. फीसाठी नाही. आम्ही अनुदानित, आमच्याकडे फी कसली? आम्ही पटासाठी, म्हणजे मुलांच्या संख्येसाठी, अडवले.

बाहेरच्या लोकांना हे कळत नाही म्हणून सांगतो. अनुदानित शाळेत किती शिक्षक राहणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर. पट घसरला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की कुणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग समायोजन, म्हणजे घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर कुठेतरी. म्हणून मे महिन्यात आमचे शिक्षक वाड्या-वस्त्यांवर फिरायचे. कुणी दप्तर द्यायचं, कुणी एसटीचा पास काढून देतो म्हणायचं. एका शेजारच्या संस्थेने सायकली दिल्याचं ऐकलंय. चौथीच्या मुलांचे दाखले पालकांच्या वतीने आम्हीच झेडपीच्या शाळेतून घेऊन यायचो, गठ्ठ्याने, नाडीत बांधून. पालकाने तो कागद डोळ्यांनी बघितलेलाही नसायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, तेव्हा खोटा पट दाखवणाऱ्यांची पंचाईत झाली. आमचा पट खोटा नव्हता. पण तेव्हापासून खऱ्या मुलाला धरून ठेवायची घाई मात्र वाढली.

त्यानंतरच्याच जुलैत एक गृहस्थ आले. हडपसरला वॉचमनची नोकरी लागली होती, बायको-पोरांना घेऊन जायचं होतं, मुलगी आठवीत. दाखला मागितला. आठवीची तुकडी दोन-तीन मुलांवर लटकत होती. मुख्याध्यापक म्हणाले, साहेब बाहेरगावी गेलेत म्हणून सांगा. मी सांगितलं. ते चार वेळा आले. दर वेळी पुण्याहून एसटी, दर वेळी एक खाडा. तिसऱ्या वेळी त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला. मी तो परत दिला आणि स्वतःला फार प्रामाणिक समजलो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दाखला दिला. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात माझ्याच अक्षरात 'पालकांच्या विनंतीवरून' असं आहे. 'वर्तणूक' चांगली, 'प्रगती' समाधानकारक. ती मुलगी तिकडे ऑक्टोबरात शाळेत बसली की घरीच राहिली, हे मी विचारलं नाही.

त्या माणसाला एवढंच माहीत असतं तरी पुरे होतं, की दाखल्याशिवाय हडपसरच्या महापालिकेच्या शाळेत मुलीला बसवता येतं. मला माहीत होतं. मी बोललो नाही.

तर बाईंचा अर्ज लिहिला. मुलीसाठी जुन्या शाळेला एक, नव्या शाळेला एक. अर्ज लिहायला दहा मिनिटं लागली, पोच मिळवायला दोन दिवस. जुन्या शाळेच्या ऑफिसात मॅडमनी अर्ज वाचला आणि परत केला, "असले अर्ज आम्ही घेत नाही." आवक शिक्का मारायचा नाही, म्हणजे अर्ज आलाच नाही. ही युक्ती माझ्या जन्माआधीपासून चालत आलेली आहे. शेवटी पोस्टाने पाठवला. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्ट. पावती जपून ठेवायला सांगितली. बाईंनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवली.

नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या बाई निघाल्या. परंतुक वाचलं, म्हणाल्या, "मुलीला उद्यापासून पाठवा." पण त्यांच्या लिपिकाने (माझ्याच जातकुळीचा माणूस!) मला बाजूला घेतलं. "काका, बसवायला काही नाही, पण पोर्टलवर नाव कसं आणायचं? जुनी शाळा नाव सोडत नाही तोवर ती आमच्या पटात नाही. वर्गात आहे, संचमान्यतेत नाही." हे मात्र खरं. आमच्या वेळी दाखला कपाटात अडायचा, आता विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर अडतो. नव्या शाळेने विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची. न मान्य करणाऱ्याचं काय? त्यासाठी गटशिक्षण कार्यालयात जावं लागलं. विस्तार अधिकाऱ्यांनी फोन लावला तेव्हा कुठे नाव सुटलं. कागदी दाखला अजून आलेला नाही. मुलगी मात्र तिसऱ्या दिवसापासून वर्गात आहे.

आणि मुलगा? तो घरी आहे. कारण तो आठवी पास झाला, आणि हा कायदा आठवीपाशी संपतो. ६ ते १४ वयाचं मूल, पहिली ते आठवी. घटनेचं कलम २१ अ तिथेच थांबतं. करोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये, राज्य शासनाने नववी-दहावीच्या मुलांनाही दाखल्याअभावी सरकारी-अनुदानित शाळांनी प्रवेश नाकारू नये असा निर्णय काढला होता. मी तो या मुख्याध्यापिकांना दाखवला. त्या म्हणाल्या, वरून विचारून घेते. एकाच घरातली दोन भावंडं, एकच थकबाकी, एकच जुनी शाळा. बहिणीला कायदा आहे आणि भावाला शासन निर्णय आहे. या दोन कागदांच्या वजनात केवढा फरक असतो तो ऑफिसात बसलेल्यालाच समजतो. गल्लीतला एक शहाणा तर बाईंना सांगून गेला, "त्याला घरी बसवा आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरा." पंधरा वर्षांच्या धडधाकट पोराला बाहेरून परीक्षेला बसवायचं, का, तर एका कपाटाची किल्ली मिळत नाही म्हणून.

संस्थाचालकांची बाजू मला माहीत नाही असं कुणी समजू नये. विनाअनुदानित शाळा फीवर चालते. पालक फी ठेवून पळ काढतात हेही घडतं. पण फी वसूल करायला दिवाणी कोर्ट आहे, लेखी हप्ते बांधून देता येतात. मुळात ती फी ठरवायचीही पद्धत आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ पाहिजे, त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, आणि फी त्या समितीपुढे मांडायची. बाईंना विचारलं, तुमच्या शाळेत ही समिती कधी झाली? त्या म्हणाल्या, "एकदा सही घेतली होती कोऱ्या कागदावर, कशाची ते सांगितलं नाही."

कोऱ्या कागदावरून आठवलं. माझ्या पुतण्याची बायको अशाच एका शाळेत शिकवते, शाळेचं नाव घेत नाही. रुजू होताना तिची डी.एड. आणि बी.ए.ची मूळ प्रमाणपत्रं 'जमा' करून घेतली आणि राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही घेतली. तीन महिने पगार अर्धा. विचारलं तर उत्तर, "पालकांकडे फी थकली आहे, वर्गात वसूल करा, पगार घ्या." मग ती बिचारी पाचवीच्या मुलांना नावं वाचून उभं करते. ज्यांची फी थकलीय ती पोरं उभी, बाकीची बसलेली. हा मानसिक छळ आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने त्याला बंदी आहे, हे तिला डी.एड.ला शिकवलेलं आहे. पण छळ करणारी तीच आणि छळ होतोय तीही तीच.

तिच्यासारख्या शिक्षकांसाठी कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ सालचा आहे, नियमावली १९८१ ची. आम्ही तिला नुसतंच 'एमईपीएस' म्हणायचो. शाळा मान्यताप्राप्त असली की अनुदान असो नसो, तो लागू. त्याचं कलम ७ बघा, राजीनाम्याबद्दल आहे. राजीनामा शिक्षकाने लिहायचा, दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि एक आपल्याजवळ ठेवायची. दोन प्रती आणि पोस्ट हा हट्ट कशाला? १९७७ च्या आधीही कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात होत्या म्हणून! कायदा करणाऱ्याला आमच्या संस्थांची कपाटं चांगली ठाऊक होती. कामावरून काढलं तर कलम ९ खाली आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. नोकरी सोडायची तर कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस, इतरांनी एक महिन्याची. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची तरतूद मी ३३ वर्षांत कुठल्याही पानावर वाचली नाही. मी सुनेला म्हटलं, अर्ज देऊया. ती म्हणाली, "काका, अर्ज दिला तर उद्या बसायला खुर्ची नसेल." मी गप्प बसलो. तिचं ती जाणे.

म्हणजे एकाच कपाटात वरच्या खणात मुलांचे दाखले, खालच्या खणात शिक्षिकेची पदवी.

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या मुलांकडे दाखला नसतो. गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड असतं, ते बघून इथल्या झेडपीच्या शाळेत मूल बसवायचं आणि हंगाम संपला की कार्डावर नोंद करून परत पाठवायचं अशी पद्धत आहे. ती सगळीकडे नीट चालते असा माझा दावा नाही. पण पालावरचं मूल एका कार्डावर वर्गात बसू शकतं, तर स्टेशनवर चहा विकणाऱ्या बाईचा मुलगा का नाही?

शिक्षण खात्याकडे माझं मागणं फार नाही. पोर्टलवर जुन्या शाळेच्या मान्यतेची वाट किती दिवस बघायची याची मुदत घाला, आणि ती उलटली की नाव आपोआप सुटू द्या. नववी ते बारावीच्या मुलांसाठी कलम ५ सारखीच तरतूद राज्याच्या कायद्यात आणा, शासन निर्णयावर भागवू नका. आणि दाखला अडवला म्हणून एका तरी मुख्याध्यापकाच्या सेवापुस्तकात लाल शाईने नोंद करून दाखवा. माझ्या अख्ख्या नोकरीत मी अशी एकही नोंद लिहिली नाही. लिहायला सांगितलंच नाही कुणी. सांगितलं असतं तर कदाचित त्या वॉचमनला मी पहिल्याच फेरीत दाखला दिला असता, नुसत्या भीतीपोटी का होईना.

पालकांना एवढंच सांगेन: तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवा. आठवीपर्यंतचं मूल असेल तर नव्या शाळेत आधी बसवा, दाखला मागाहून येईल. तरी कुणी ऐकलं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे, लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील होतं. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर. तीस दिवस पूर्ण व्हायच्या आधीच बहुधा दाखला घरी येतो, असा माझा खिडकीच्या आतल्या बाजूचा अनुभव आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. पुढच्या जूनमध्ये प्रवेशोत्सवाच्या फोटोखाली दोन इंच जागा मोकळी ठेवा आणि तिथे कलम ५ ची परंतुकं मोठ्या टाइपात छापा. माझ्या ओसरीवरची गर्दी कमी होईल.

हे लिहून होईपर्यंत बाई येऊन गेल्या. जुन्या शाळेने या महिन्याचे हजार रुपये घेतले, पावती दिली नाही. मुलगा सकाळी गाडीवर कपबशा विसळतो. मुख्याध्यापिकांचं 'वरून' अजून आलेलं नाही. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.

आपला,
एक वाचक (निवृत्त मुख्य लिपिक)
कुर्डुवाडी, ता. माढा, जि. सोलापूर